शब्दांची विचारपूस : ‘रन’ या एका शब्दाला इतके अर्थ कसे?

या सदराकडे आलेल्या पत्रांत या वेळी एक योगायोग दिसला. वेगवेगळ्या वयाच्या आणि व्यवसायांच्या वाचकांनी इंग्रजीतील एकाच लहानशा क्रियापदाविषयी प्रश्न विचारले आहेत. ते क्रियापद म्हणजे ‘रन’. म्हणून हा संपूर्ण लेख त्या एका शब्दाला दिला आहे.

प्रश्न : मी इंग्रजी वर्तमानपत्र शब्दकोश जवळ ठेवून वाचतो. ‘रन’ म्हणजे धावणे, हे शाळेपासून पाठ होते. पण एकाच दिवशीच्या अंकात नदी ‘रन’ होते, कारखाना ‘रन’ केला जातो आणि करारही दोन वर्षे ‘रन’ होतो, असे वाचले. शब्दकोश उघडला, तर या एका शब्दासाठी पानेच्या पाने दिलेली. यांतला खरा अर्थ कोणता, आणि इतके अर्थ एका शब्दाला चिकटले कसे? – एक निवृत्त वाचक

आपण पाहिलेली पाने कमीच म्हणावी लागतील. इंग्रजीचा सर्वांत विस्तृत ऐतिहासिक कोश म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. १९८९ च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत त्या कोशातील सर्वांत लांब नोंदीचा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता. त्याच्या क्रियापदाचेच ४३० अर्थ तेथे नोंदलेले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी नव्याने तपासल्या जाऊ लागल्या, आणि पीटर गिलिव्हर या संपादकाने ‘रन’च्या क्रियापदावर सुमारे नऊ महिने काम केले. त्यातून ६४५ अर्थ निघाले. नाम म्हणून येणाऱ्या ‘रन’ची मोजदाद यात नाही. अर्थात, या आकड्याने घाबरून जाऊ नये. यांतले कितीतरी अर्थ आज वापरातून गेलेले आहेत, कितीतरी एखाद्या धंद्यापुरते आहेत, आणि पुष्कळसे तर एकाच अर्थाच्या बारीक छटा आहेत, ज्या सामान्य वाचकाला वेगळ्या जाणवणारही नाहीत.

आता ‘खरा अर्थ कोणता’ या प्रश्नाकडे वळू. माझे मत असे की, या शब्दाचे मूळ पाहिले तर ‘धावणे हा खरा आणि बाकीचे उसने’ ही आपली समजूतच बाजूला ठेवावी लागते. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत, येथे दोन वेगवेगळी क्रियापदे होती. एक ‘रिन्नन’, म्हणजे आपण होऊन वेगाने जाणे. ते बहुधा ‘इर्नन’ असे, अक्षरांची अदलाबदल होऊन वापरले जाई. आपल्या बोलीत ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ होते, तोच प्रकार. दुसरे क्रियापद प्रयोजक होते, म्हणजे दुसऱ्याला धावायला लावणे, घोडा दौडवणे. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात स्थायिक झालेल्या लोकांच्या भाषेतही याच कुळातील क्रियापदे होती, आणि त्यांचीही या शब्दाला बळकटी मिळाली. पुढच्या काही शतकांत इंग्रजीचे प्रत्यय झिजले, दोन्ही क्रियापदांचे उच्चार एकमेकांजवळ आले आणि शेवटी दोन्ही मिळून एकच ‘रन’ उरला.

ही गोष्ट मराठी माणसाला चटकन समजावी, कारण आपण तो भेद आजही रोज पाळतो. पळणे आणि पळवणे, चालणे आणि चालवणे, फिरणे आणि फिरवणे : मध्ये एक ‘व’ आला की कर्ता बदलतो, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. इंग्रजीत हा ‘व’ उरला नाही. म्हणून घोडा धावला तरी ‘रन’ आणि स्वाराने घोडा दौडवला तरी ‘रन’; यंत्र चालले तरी ‘रन’ आणि कामगाराने यंत्र चालवले तरी ‘रन’. कारखाना, शाळा, कार्यालय चालवण्यासाठी हाच शब्द आला, तो या दुसऱ्या वाटेने. (जाता जाता सांगतो, ‘सेट’ हा शब्दही मुळात ‘सिट’चे प्रयोजक रूप आहे, म्हणजे बसणेचे बसवणे. निखळलेले हाड ‘सेट’ करतात आणि अंगठीत खडा ‘सेट’ करतात, तेव्हा मराठीतही आपण हाड आणि खडा ‘बसवतो’च.)

मुळातली दुसरी महत्त्वाची गोष्ट वाहण्याची आहे. पाण्याच्या वाहण्यासाठी हे क्रियापद जुन्या इंग्रजीतही वापरले जात होते, आणि जर्मन भाषेत याचे भावंड ‘रिनेन’ आजही झिरपणे, ओघळणे या अर्थाने येते, तर ‘रेनेन’ हे धावण्यासाठी. म्हणजे नदीला ‘रन’ म्हणणे ही कोणा कवीने नंतर केलेली कल्पना नव्हे; पायांची धाव आणि पाण्याचा ओघ या शब्दात पहिल्यापासून शेजारीशेजारी होत्या. ओघाच्या या अर्थातून मग नळ ‘रन’ होतो, सर्दीने नाक ‘रन’ होते आणि धुताना कपड्याचा रंग ‘रन’ होतो. मराठीत मात्र नळ वाहतो, नाक गळते आणि रंग जातो. तीन क्रिया, तीन क्रियापदे.

तिथून पुढे शब्द कसा पसरला, ते पाहण्यासाठी रस्त्याचे उदाहरण घ्यावे. ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’ या वाक्यात रस्ता जागचा हललेला नाही. धावते ती पाहणाऱ्याची नजर, आणि तिची गती भाषेने रस्त्याला दिली. मराठीही अगदी हेच करते, फक्त रस्त्याला धावायला न लावता ‘रस्ता नदीकाठाने जातो’ म्हणते. जी गती जागेत होती, ती पुढे काळात आली : करार दोन वर्षे ‘रन’ होतो, नाटक शंभर रात्री ‘रन’ होते. मग यंत्रयुग आले. इंजिने, गिरण्या, छापखाने, वेळापत्रकानुसार सुटणाऱ्या आगगाड्या, या सगळ्यांच्या चालू असण्याला एक क्रियापद हवे होते, आणि इंग्रजीने हाताशी असलेले ‘रन’ उचलले. संगणक आल्यावर प्रोग्रॅमही त्याच्याच वाट्याला आले. येथे दोन भाषांच्या स्वभावातला एक फरक मला फार आवडतो : इंग्रजीत यंत्र धावते, मराठीत यंत्र चालते. ‘गिरणी धावते आहे’ असे कोणी म्हटले, तर ऐकणारा दचकून बाहेर बघेल.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, धावणे, वाहणे आणि चालवणे हे तिन्ही या शब्दाचे सख्खे अर्थ आहेत, आणि वर्तमानपत्रात भेटणारा बहुतेक प्रत्येक ‘रन’ या तिघांपैकी एकाच्या घरातला असतो.

प्रश्न : नदी, नाक, रस्ता, करार, यंत्र या सगळ्यांसाठी एकच शब्द वापरावा लागणे, हे इंग्रजीचे शब्ददारिद्र्य नव्हे काय? – एक वाचक

नाही, आणि हे मी इंग्रजीची कड घेऊन म्हणत नाही. आपले ‘लागणे’ घ्या. ठेच लागते, भूक लागते, वेळ लागतो, आग लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, लग्न लागते, गोड लागते, मन लागत नाही, आणि इतके सगळे लागल्यावरही ‘जावे लागते’ उरतेच. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने हीच शंका आपल्याला विचारली, तर आपण मराठीला दरिद्री म्हणणार नाही.

हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज किंग्सली झिफ यांनी १९४५ मध्ये यासंबंधी एक नियम मांडला होता. त्यांच्या मते, शब्द जितका अधिक वापरात तितके त्याचे अर्थ अधिक, आणि अर्थांची ही वाढ साधारणपणे वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. म्हणजे शंभरपट वापरल्या जाणाऱ्या शब्दाला सुमारे दहापट अर्थ. कामाचा माणूस दिसला की त्यालाच आणखी कामे सांगितली जातात, तसेच हे आहे. दुर्मीळ, जडजंबाल शब्दांना सहसा एकच अर्थ असतो. ज्यांना अर्थ अनेक, ते शब्द बहुधा लहान, जुने आणि घरच्या वापरातले असतात.

प्रश्न : मी आठवीला इंग्रजी शिकवते. ‘हर ब्रदर रन्स अ शॉप’ या वाक्याचे भाषांतर एका विद्यार्थ्याने ‘तिचा भाऊ दुकान पळवतो’ असे केले. वर्ग हसला आणि तो मुलगा हिरमुसला. अशा शब्दांचे अर्थ मुलांकडून पाठ करून घ्यावेत का? – एक शिक्षिका

त्या मुलाला माझ्यातर्फे शाबासकी द्यावी, ही पहिली विनंती. त्याने काय केले, ते बारकाईने पाहा. वाक्यात ‘शॉप’ हे कर्म आहे, हे त्याने ओळखले. कर्म आहे म्हणजे ‘पळतो’ चालणार नाही, प्रयोजक रूप हवे, हेही त्याला उमगले, आणि त्याने ‘पळतो’चे ‘पळवतो’ केले. व्याकरणाच्या दृष्टीने त्याची वाट अगदी बरोबर होती. जुन्या इंग्रजीतला जो भेद हरवला, तो त्याने मराठीत स्वतःहून भरून काढला. अडचण एवढीच झाली की, मराठीत ‘पळवणे’ला चोरून नेण्याचा अर्थ आहे आणि संस्था किंवा व्यवसाय यांच्यासाठी आपले क्रियापद ‘चालवणे’ हे आहे. वर्गात हे फळ्यावर मांडून दाखवले, तर हसणारी मुलेही त्यातून काही शिकतील.

पाठांतराविषयी माझे मत स्पष्ट आहे : अर्थांची यादी पाठ करून घेऊ नये. सुटा ‘रन’ कोणी बोलत नाही, त्यामुळे सुट्या ‘रन’चा अर्थ पाठ करून उपयोगही होत नाही. त्याऐवजी शेजारचा शब्द पाहण्याची सवय लावावी. पुढची वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून पाहा. ‘ही रॅन अ माइल’, ‘ही रॅन अ स्कूल’, ‘ही रॅन अ फीव्हर’, ‘ही रॅन अ बाथ’, ‘ही रॅन अ रेड लाइट’. पाचही वाक्यांची बांधणी सारखी, कर्ता तोच, क्रियापद तेच; बदलतो तो फक्त शेवटचा शब्द. मराठीत मात्र तो मैलभर धावला, त्याने शाळा चालवली, त्याच्या अंगात ताप होता, त्याने अंघोळीसाठी टबात पाणी सोडले आणि त्याने लाल सिग्नल तोडला. मुलांना आधी शेवटचा शब्द झाकून अर्थ विचारावा आणि मग तो शब्द उघडावा. अर्थ कुठून येतो, हे त्यांना डोळ्यांनी दिसते, आणि जे असे एकदा दिसले ते सहसा विसरले जात नाही.

‘रन’च्या मागून एखादा लहान शब्द आला, तर मात्र जोडी म्हणूनच ती शिकवावी लागते. ‘रन इनटू’ म्हणजे धडकणे किंवा कोणी अवचित भेटणे. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे जवळचे संपणे. ‘रन डाउन’ म्हणजे एखाद्याची निंदा करणे, आणि बॅटरीच्या बाबतीत ती उतरणे. ‘रन ओव्हर’ तर फारच सांभाळून वाचावे, कारण भाषण ‘रन ओव्हर’ झाले तर ते ठरलेल्या वेळेपेक्षा लांबते, आणि माणूस ‘रन ओव्हर’ झाला तर त्याच्या अंगावरून गाडी गेलेली असते. मुलांना हे अन्यायाचे वाटते. त्यांना मराठीतली उदाहरणे द्यावीत : बोलून गेला, बोलून टाकले, बोलून बसला, बोलून पाहिले, बोलून दाखवले. ‘बोलून बसला’ म्हणताना कोणीही खाली बसत नाही. पश्चात्ताप व्हावा असे बोलणे तोंडून गेले, एवढेच त्या ‘बसला’तून कळते. आपल्याकडे दुसरे क्रियापद येऊन पहिल्याचा रंग बदलते, इंग्रजीत एक लहान अव्यय येऊन बदलते.

प्रश्न : हे अनेक अर्थांचे एकच शब्द मानायचे, की सारखे दिसणारे अनेक शब्द? – भाषाशास्त्राची एक विद्यार्थिनी

दोन्ही प्रकार असतात, आणि ते वेगळे ठेवणे आवश्यक आहे. मराठीत पाण्यावरची ‘नाव’ संस्कृतातल्या ‘नौ’पासून आली आणि माणसाचे ‘नाव’ ‘नामन्’पासून, त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, वाटेत दोघांचे उच्चार सारखे झाले इतकेच. इंग्रजीत खेळातली ‘बॅट’ आणि उडणारे वटवाघूळ ‘बॅट’ यांचेही तसेच. कोशात अशा शब्दांच्या नोंदी वेगळ्या करतात. याउलट, एकाच शब्दाचे अर्थ फांद्यांसारखे फुटत जातात, त्याला अनेकार्थता म्हणावे. या गोष्टीला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ च्या आपल्या ग्रंथात ‘पॉलिसेमी’ हे नाव दिले. मुळात दोन क्रियापदे असली तरी ती एकाच कुळातली असल्यामुळे ‘रन’ या दुसऱ्या प्रकारात जातो.

ही सीमा नेहमीच ठळक नसते. ‘बँक’ म्हणजे नदीचा काठ आणि ‘बँक’ म्हणजे पैसे ठेवण्याची संस्था, हे वेगळे शब्द म्हणून सर्रास दाखवले जातात, आणि इंग्रजीत ते आलेही वेगवेगळ्या वाटांनी : एक उत्तरेकडच्या भाषांतून, तर दुसरा इटालियनमधल्या सराफाच्या बाकावरून. तरीही आणखी मागे गेले, तर दोन्ही वाटा एकाच जुन्या जर्मानिक शब्दापाशी पोचतात.

अर्थ किती दुरावले आहेत, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. एकच क्रियापद दोन कर्मांना जोडून वाचावे. ‘तिने दाराला कडी आणि मुलांना शिस्त लावली’ हे वाक्य कानाला खटकते, कारण त्या एका ‘लावली’ला दोन लांबच्या ठिकाणी उभे राहावे लागते. ‘तिने दाराला कडी आणि कुलूप लावले’ यात तसे काही जाणवत नाही.

प्रश्न : चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागेवर उभा राहतो, तरीही त्याला चार ‘रन’ मिळतात. न धावता धावा कशा? – एक क्रिकेटप्रेमी

कारण खेळाच्या पहिल्या काळात प्रत्येक धाव खरोखर धावूनच काढावी लागे. गुणलेखक काठीवर खाचा पाडून हिशेब ठेवत, आणि अठराव्या शतकात या गुणाला ‘खाच’ अशा अर्थाच्या ‘नॉच’ या शब्दानेच ओळखत. पुढे सीमारेषा आली, आणि तिच्यापार गेलेल्या चेंडूला धावण्याचा मोबदला न धावताच मिळू लागला. क्रियेचे नाव एककाला चिकटले आणि क्रिया गळून पडली. वाइड चेंडूवर तर फलंदाजाने बॅट लावलेली नसते आणि कोणी धावलेलेही नसते, तरी फलकावर ‘रन’ चढतो. मराठीने ‘धाव’ हा प्रतिशब्द घेतला तेव्हा ही सगळी वाटचाल त्याच्यासोबत आली. ‘धावबाद’मध्ये मात्र खरे धावणे अजून शिल्लक आहे.

प्रश्न : अमेरिकेतील उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो असे वाचले आणि ब्रिटनमधील उमेदवार ‘स्टँड’ करतो असेही वाचले. दोन्ही बरोबर आहेत का? भाषांतर करताना काय लिहावे? – एक अनुवादक

दोन्ही बरोबर आहेत. अमेरिकन इंग्रजीत उमेदवार पदासाठी धावतो, ब्रिटिश इंग्रजीत तो उभा राहतो. मराठीतला उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, म्हणजे या बाबतीत तो ब्रिटिशांसारखा. आणि निवडणूक लढवतो, ते मात्र आपले स्वतःचे. म्हणून मूळ वाक्यात ‘रन’ असो वा ‘स्टँड’, मराठीत ‘उभा राहणे’ किंवा ‘निवडणूक लढवणे’ हेच लिहावे. अलीकडे ‘अध्यक्षपदासाठी धावत आहेत’ अशी भाषांतरे दिसतात, ती टाळावीत, असे मला मनापासून वाटते. ती वाचणाऱ्याला उमेदवार पदामागे हपापून पळतो आहे असे वाटते, आणि मूळ लेखकाला तसे काहीही म्हणायचे नसते.

अमेरिकन प्रयोगामागे शर्यतीची कल्पना आहे, हे ‘रनिंग मेट’ या शब्दावरून दिसते. अध्यक्षपदाच्या उमेदवारासोबत उपाध्यक्षपदासाठी जो उभा असतो, त्याला तेथे हे नाव आहे. घोड्यांच्या शर्यतीत आपल्याच तबेल्यातल्या मुख्य घोड्याला वेग मिळवून देण्यासाठी जो दुसरा घोडा उतरवत, त्याला आधी ‘रनिंग मेट’ म्हणत असत. मराठीत त्यासाठी ‘उपाध्यक्षपदाचा उमेदवार’ एवढेच लिहावे. ‘धावसोबती’ असा शब्द घडवू नये.